एरंड, गुंज आणि हुलगा

आपल्या भाषेनें एरंडाला फारसा मान दिलेला नाहीं. निष्फळ चऱ्हाटाला आपण एरंडाचें गुऱ्हाळ म्हणतों, आणि थोर कोणी उरला नाहीं म्हणजे एखाद्या सामान्य मनुष्यास जें मोठेपण लाभतें त्याचें वर्णन ‘ओसाड गांवीं एरंड बळी’ ह्या म्हणीनें करतों. गुंजेची गोष्ट थोडी निराळी. ती सोनाराच्या तराजूंत जाऊन बसली. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हें कोष्टक आमच्या वडिलांच्या पिढीस तोंडपाठ होतें. परंतु तेथेंही तिचा मान सोन्यामुळें; स्वतः तिला कोणी विचारलें नाहीं. हुलगा तर बोलूनचालून गरिबाचें आणि घोड्याचें धान्य. कोंकणांत त्याला कुळीथ म्हणतात व त्याची पिठी घरोघर होते. पण पाहुणा आला कीं ती पानांत वाढण्यास गृहिणीला संकोच वाटतो. ह्या तीन उपेक्षित बीजांनीं गेल्या सव्वाशेंहून अधिक वर्षांत जीवशास्त्राला केवढें कार्य करून दिलें, आणि आतां त्यांच्याच कुळांतील द्रव्यें दांत किडविणाऱ्या जंतूंवर चालतील काय असा प्रश्न कसा उपस्थित झाला, ही हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ती मांडण्याचें एक कारण आहे. वनस्पतींतील अमुक द्रव्यानें प्रयोगशाळेंत जंतूंना अडविलें एवढी वार्ता कानीं पडतांच आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. एक पक्ष म्हणतो, हें सर्व आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें. दुसरा म्हणतो, झाडपाल्यांत काय ठेवलें आहे? आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच उतावळे वाटतात. कारण प्रत्यक्ष काय घडलें हें पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहींत. म्हणून मतें बाजूस ठेवून प्रथम इतिहास पाहूं.

आरंभ गुंजेपासून करणें सोईचें होईल. १८८२ सालीं पॅरिस येथील विख्यात नेत्रवैद्य लुई द वेकर ह्यानें गुंजेचा फांट डोळ्यांच्या एका चिवट रोगावर वापरण्यास सुरुवात केली. खुपऱ्यांमुळें बुबुळावर जी छाया येते ती ह्या फांटानें प्रखर दाह उत्पन्न होऊन पुढें निवळते असा त्याचा अनुभव होता. ही युक्ति ब्राझीलमधील लोकांच्या घरगुती उपचारांतून यूरोपांत गेली होती. तो काळ जंतुशास्त्राच्या पहिल्या भराचा. जो तो प्रत्येक व्याधीच्या मुळाशीं जंतु शोधीत होता. तेव्हां झाट्लर नांवाच्या नेत्रवैद्यानें १८८३ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, फांटांत वाढणारा एक जंतुच ह्या दाहास कारण आहे. ह्या मताचें खंडन झालें तें आपल्या देशांत. कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे अध्यापक वॉर्डन व त्यांचे सहकारी वॅडेल ह्यांनीं १८८४ सालीं ग्रंथ प्रसिद्ध करून दाखविलें कीं, गुंजेचें विष जंतुजन्य नाहीं. तें बीजांतीलच एक प्रथिन आहे, व उष्णतेनें तें निर्वीर्य होतें. योगायोग असा कीं त्याच सुमारास, १८८४ च्या आरंभीं, रॉबर्ट कॉख हा पटकीच्या जंतूचा शोध घेत कलकत्त्यासच होता. एका शहरांत एकाच वेळीं एकानें रोगाचें कारण जंतु आहे हें दाखवावें आणि दुसऱ्यानें जंतु नाहीं हें दाखवावें, हा प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत स्मरणीय होय. दोघांनींही केलें तें एकच : समजूत बाजूस सारली आणि प्रयोगाला विचारलें.

परंतु गुंजेचें प्रथिन रक्तावर काय परिणाम करतें हें अद्याप कोणी पाहिलें नव्हतें. तें पाहण्याचा मान एरंडाकडे गेला. त्या वेळच्या रशियन साम्राज्यांत व आजच्या एस्तोनिया देशांत डोर्पाट नांवाचें विद्यापीठ आहे. त्याच गांवास हल्लीं टार्टू म्हणतात. तेथें कोबर्ट ह्या अध्यापकाच्या हाताखालीं हेर्मान श्टिलमार्क हा विद्यार्थी एरंडीच्या विषाचा अभ्यास करीत होता. १८८८ च्या आपल्या प्रबंधांत त्यानें नमूद केलें कीं, एरंडीचा अर्क रक्तांत घातला असतां त्यांतील तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. ह्या द्रव्यास त्यानें रिसिन असें नांव दिलें. १८९१ मध्यें त्याच विद्यापीठांतील हेलिन ह्यानें गुंजेच्या ॲब्रिनचाही तोच धर्म दाखविला. पुढें असें निष्पन्न झालें कीं, एरंडीतील मारक विष आणि पेशींस चिकटविणारें द्रव्य हीं वस्तुतः दोन भिन्न, परंतु सख्ख्या भावंडांसारखीं प्रथिनें आहेत. ह्या दुरुस्तीनें श्टिलमार्कच्या शोधाचें महत्त्व कमी होत नाहीं. वनस्पतींत असें कांहीं द्रव्य असतें कीं जें पेशींना पकडतें, ही गोष्ट त्यानेंच प्रथम जगाच्या नजरेस आणली.

हीं दोन विषें हातीं येतांच पाउल एर्लिश ह्या जर्मन पंडितानें त्यांचा मोठा मार्मिक उपयोग करून घेतला. उंदरांस तीं अत्यल्प मात्रेंत देऊन मात्रा हळूहळू वाढविली असतां उंदीर त्या विषास दाद देईनासे होतात. परंतु एरंडीच्या विषास सरावलेला उंदीर गुंजेच्या विषानें मरतो, आणि गुंजेच्या विषास सरावलेला एरंडीच्या विषानें मरतो. म्हणजे शरीर जें प्रतिविष निर्माण करतें तें त्या त्या विषापुरतेंच असतें. रोगप्रतिकाराच्या शास्त्रांतील हा पायाभूत सिद्धांत १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत ह्या बीजांच्या साहाय्यानें स्पष्ट झाला. एर्लिशला १९०८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

ह्यानंतरचें पाऊल अमेरिकेंत पडलें. जेम्स सम्नर ह्याचा डावा हात वयाच्या सतराव्या वर्षीं शिकारींतील अपघातानें गेला होता, व तो मूळचा डावखुरा! एका हाताच्या मनुष्यानें रसायनशास्त्राच्या नादीं लागूं नये असा उपदेश त्याला झाला. त्यानें तो मानला नाहीं. कॉर्नेल विद्यापीठांत त्यानें अबईच्या एका जातीचें बीज प्रयोगास घेतलें. अबईच्या शेंगांची भाजी आपल्याकडेही होते. ह्या बीजांतून त्यानें १९१९ मध्यें एका प्रथिनाचे शुद्ध स्फटिक काढले व त्यास कॉन्कॅनॅव्हलिन-ए असें नांव दिलें. ह्याच बीजांतून पुढें १९२६ मध्यें त्यानें युरिएज हें पाचकद्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें आणि अशीं द्रव्यें प्रथिनें असतात हें सिद्ध केलें. त्याबद्दल १९४६ च्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी झाला. परंतु आपल्या विषयास महत्त्वाचें काम १९३६ चें आहे. त्या वर्षीं सम्नर व हॉवेल ह्यांनीं दाखविलें कीं, कॉन्कॅनॅव्हलिन-ए रक्तपेशींच्या गुठळ्या करतें खरें, पण त्यांत उसाची साखर मिसळली तर तें काम थांबतें. ह्यावरून कोडें उलगडलें. हें प्रथिन पेशीच्या पृष्ठावरील शर्करेला धरतें. साखर मोकळी मिळाली तर तें तिलाच धरून बसतें आणि पेशी सुटतात.

येथें थोडें थांबून ह्या गोष्टीचा अर्थ ध्यानांत घेतला पाहिजे. प्रत्येक सजीव पेशीच्या अंगावर शर्करांच्या आंखूड साखळ्या केसांच्या लवेप्रमाणें उभ्या असतात. त्यांची घडण पेशीपेशींगणिक निराळी असते. बीजांतील हीं प्रथिनें त्यांपैकीं नेमकी एखादीच घडण ओळखतात व तिला पकडतात. एका प्रथिनाला पकडण्याच्या दोन किंवा अधिक जागा असल्यामुळें एकीकडून एक पेशी व दुसरीकडून दुसरी अशी सांखळी जमते आणि गुठळी होते. ही निवड करण्याची शक्ति लक्षांत घेऊन बोस्टनच्या विल्यम बॉइड ह्यानें १९५४ मध्यें ह्या सर्व द्रव्यांस ‘लेक्टिन’ असें नांव दिलें. वेंचणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तें साधलेलें आहे. बॉइडला ही निवड प्रथम दिसली तीही मौजेच्या रीतीनें. १९४५ च्या सुमारास त्यानें जवळच्या वाण्याच्या दुकानांतून वाळलेलीं लायमा घेवड्याचीं बीजें, ज्यांस आपल्या बाजारांत डबल बी म्हणतात तीं, मागविलीं. आणि त्यांचा अर्क ‘ए’ गटाच्या रक्ताच्या गुठळ्या करतो, इतर गटांच्या फारशा करीत नाहीं, असें त्यास आढळलें. फिनलंडांतील रेन्कोनेन हा १९४८ मध्यें स्वतंत्रपणें अशाच निष्कर्षास आला.

आतां हुलग्याची पाळी. १९५१ सालीं जी. डब्ल्यू. जी. बर्ड ह्या लष्करी वैद्यानें, जो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत रक्तसंक्रमणाचें काम पाहत असे, ‘करंट सायन्स’ ह्या भारतीय नियतकालिकांत एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें. हुलग्याचा अर्क ‘ए’ गटाच्या रक्ताला पकडतो असें त्यांत त्यानें दाखविलें. पुढच्याच वर्षीं त्यानें ह्याहून सूक्ष्म भेद दाखविला. ‘ए’ गटाचे दोन मुख्य पोटभेद आहेत; हुलग्याचा अर्क योग्य प्रमाणांत पातळ केला असतां तो पहिल्याच्या गुठळ्या करतो व दुसऱ्यास सोडून देतो. तेव्हांपासून हुलग्याचें हें सत्त्व जगांतील रक्तपेढ्यांत ह्या दोहोंची पारख करण्यास वापरलें जातें. जें धान्य आमच्या घोड्यांनीं खाल्लें व आमच्या आज्यांनीं शिजविलें, तें माणसाच्या रक्तांतील एवढा बारीक भेद ओळखतें हें आम्हांस कळण्यास १९५१ साल उजाडावें लागलें. आणि त्यापुढच्याच वर्षीं मुंबईच्या डॉक्टर वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका विलक्षण रक्तगटाचें वर्णन केलें. त्यास आज सर्व जगांत ‘बाँबे’ गट म्हणतात. ह्या माणसांच्या पेशींवर ती मूळची ‘एच’ शर्करारचनाच नसते, जिच्यावर ‘ए’ व ‘बी’ हे गट उभारले जातात. ती नाहीं हें ताडून पाहण्यासही एका वनस्पतीचेंच लेक्टिन कामीं येतें. यूरोपांतील युलेक्स नांवाच्या पिवळ्या फुलांच्या कांटेरी झुडपाच्या बीजांचा अर्क सामान्य ‘ओ’ गटाच्या रक्ताला पकडतो. बाँबे गटाच्या रक्ताला पकडीत नाहीं. अशा रोग्यास चुकून सामान्य ‘ओ’ रक्त दिलें गेलें तर त्याच्या प्राणावर बेततें. एका बीजाच्या अर्कावर मनुष्याचा जीव कसा अवलंबून असूं शकतो ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

रक्ताची गोष्ट येथें ठेवून आतां मुखाकडे वळूं. मुखांतील जंतूंचें प्रथम दर्शन घेतलें तें डेल्फ्ट येथील आंतोनी व्हान लेवेनहूक ह्या कापडाच्या व्यापाऱ्यानें. आपल्याच दांतांवरील पांढरें कीट स्वतः घांसलेल्या भिंगाखालीं धरून त्यांत नाचणारे सूक्ष्म जीव त्यानें पाहिले आणि सप्टेंबर १६८३ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीस तसें पत्र पाठविलें. त्या जीवांचा दंतरोगाशीं संबंध लागण्यास मात्र दोनशें वर्षें गेलीं. बर्लिनमध्यें राहणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर ह्यानें १८९० च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादन केलें कीं, मुखांतील जंतु अन्नांतील पिष्ट व साखर आंबवून आम्ल उत्पन्न करतात आणि तें आम्ल दांताचें कवच झिजवितें. १९२४ मध्यें लंडनच्या क्लार्क ह्यानें किडलेल्या दांतांतून एक मालाकार जंतु वेगळा केला व त्याला स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हें नांव दिलें. ह्या शोधाकडे पुढें सुमारें चाळीस वर्षें कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. १९६० च्या सुमारास कीज व फिट्झजेरल्ड ह्या अमेरिकन संशोधकांनीं हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून दांतांची कीड एका प्राण्यापासून दुसऱ्यास लागते हें दाखविलें, तेव्हां क्लार्कच्या जंतूची आठवण झाली.

हा जंतु इतका उपद्रवी कां? कारण तो चिकटतो. स्वच्छ घांसलेल्या दांतावर कांहीं क्षणांतच लाळेंतील प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा बसतो. ह्या प्रथिनांवर शर्करांच्या सांखळ्या असतात, व जंतु त्यांचा आधार घेऊन ठाण मांडतात. मग आपण साखर खाल्ली कीं म्यूटन्स जंतु तिच्यापासून एक चिकट, पाण्यांत न विरघळणारा डिंक तयार करतो, आणि त्या डिंकाखालीं वसाहत करून आम्ल गाळीत बसतो. ही वसाहत एकदां बसली म्हणजे नुसत्या चुळा भरून ती जात नाहीं. जंतूला मारण्याची औषधें आहेत. पण मुखांत शेंकडों जातींचे जंतु नांदतात व त्यांपैकीं पुष्कळ निरुपद्रवी, किंबहुना उपकारक आहेत. सरसकट संहार केल्यास चोर व पहारेकरी दोघेही मरतात. शिवाय रोजच्या रोज जंतुनाशक वापरल्यास जंतूंना त्याची संवय होण्याचें भय असतेंच. म्हणून विचार असा निघाला कीं, जंतूला मारण्याऐवजीं त्याला बसूंच न दिलें तर?

येथें आपलीं दोन कथानकें एकत्र येतात. जंतु बसतो तो बहुधा शर्करेच्या आधारानें, आणि लेक्टिन तर शर्करेलाच पकडतें. तेव्हां लेक्टिनानें दांतावरील पापुद्र्यांतल्या शर्करा आधींच व्यापल्या तर जंतूस जागा राहणार नाहीं. अथवा त्यानें लाळेंत तरंगणाऱ्या जंतूंच्याच गुठळ्या केल्या तर ते दांतावर बसण्यापूर्वींच गिळले जातील. ही दुसरी युक्ति निसर्गानें स्वतः योजिलेली आहे. आपल्या लाळेंत जंतूंच्या गुठळ्या करणारीं द्रव्यें असतातच. बोस्टनच्या गिबन्स व डँकर्स ह्यांनीं १९८१ मध्यें नित्याच्या आहारांतील फळें, भाज्या व बीजें ह्यांचे अर्क तपासून पाहिले. त्यांपैकीं अनेकांत लाळेशीं व म्यूटन्स जंतूच्या घटकांशीं संयोग पावणारीं लेक्टिनासारखीं द्रव्यें त्यांस आढळलीं. म्हणजे प्रत्येक घांसाबरोबर आपण नकळत हा प्रयोग मुखांत करीतच असतों. त्यानंतर ब्राझीलमधील संशोधकांनीं २००६ व २००७ सालीं समुद्रशैवालांतील आणि शेंगवर्गी वनस्पतींतील लेक्टिनें घेऊन, लाळेचा लेप दिलेल्या पृष्ठावर मुखांतील मालाकार जंतु किती बसतात हें मोजलें. कित्येक लेक्टिनांनीं जंतूंस स्पष्टपणें अटकाव केला. सम्नरच्या अबईचीं भावंडेंही ह्या कामीं उपयोगांत आणलीं गेलीं आहेत.

येथवर येऊन हर्षानें टाळी वाजविण्याचा मोह होतो, आणि ह्याच ठिकाणीं थांबून विचार करणें अगत्याचें आहे. पहिली गोष्ट, बहुतेक लेक्टिनें जंतूला मारीत नाहींत. फार तर अडवितात. त्यांना जंतुनाशक म्हणणें हा शब्दांचा सैल वापर होय. दुसरी, ज्याला दोन हात आहेत तो दोन शत्रूंना एकत्र बांधूं शकतो, तसा शत्रूला घराशींही बांधूं शकतो. लेक्टिनाचा एक हात दांताच्या पापुद्र्यावर व दुसरा जंतूवर पडला तर अटकाव होण्याऐवजीं जंतूला बसावयास पाटच मिळेल. कोणतें लेक्टिन काय करील हें त्या त्या शर्करेवर, जंतूवर व प्रमाणावर अवलंबून आहे. तिसरी, कांचेच्या तबकडींत लाळ स्थिर असते. मुखांत ती अखंड वाहते, आणि तिच्यांतील मोकळ्या शर्करायुक्त प्रथिनांनीं लेक्टिनाचे हात दांतापर्यंत पोंचण्याआधींच गुंतून जातात. सम्नरच्या प्रयोगांत साखरेनें जें केलें तेंच येथें लाळ करते. चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. रिसिन व ॲब्रिन हीं ह्याच कुळाचीं आहेत. कच्च्या राजम्याचें लेक्टिन पोटांत गेल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात. राजमा भिजवून नीट उकळल्यावरच तो निर्धास्त होतो. जें द्रव्य रोज दोन वेळां लेंकराच्या तोंडांत घालावयाचें, तें गिळलें गेल्यास काय होईल ह्याचा निकाल वर्षानुवर्षांच्या परीक्षेनेंच लागला पाहिजे. म्हणूनच दंतवैद्यांच्या नित्याच्या औषधांत लेक्टिनाला अद्याप स्थान मिळालेलें नाहीं, व तें नाहीं ह्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं.

मग पूर्वजांच्या दांतवणाचें काय, असें कोणी विचारील. निंब, बाभूळ, करंज ह्यांच्या काड्या चावून आमच्या वडीलधाऱ्यांनीं दांत राखले हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, व त्या रिवाजाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु काडीच्या कुंच्यानें दांत घांसला जातो हा एक गुण, तिच्यांतील तुरट व कडू द्रव्यांचा कांहीं परिणाम होतो हा दुसरा, आणि त्या काळीं साखर आजच्याइतकी घरांत नव्हती हा तिसरा. ह्यांपैकीं कोणाला किती श्रेय द्यावयाचें हें निवडून काढल्याखेरीज सर्व श्रेय एकालाच देणें हें वॉर्डन व वॅडेल ह्यांनीं खोडून काढलेल्या चुकीसारखेंच होईल. गुंजेच्या फांटानें डोळ्याचा दाह होतो हें खरें होतें. त्याचें सांगितलेलें कारण खोटें होतें. अनुभव खरा असूनही त्याचें स्पष्टीकरण चुकूं शकतें.

आणि दुसऱ्या पक्षालाही एक प्रश्न विचारणें प्राप्त आहे. झाडपाल्यांत काय ठेवलें आहे असें म्हणणाऱ्यानें पुण्याच्या रक्तपेढींत जाऊन हुलग्याच्या अर्काची बाटली पाहावी. हुलगा आमच्या शेतांत शतकानुशतकें पिकत होता. त्याच्यांत हा गुण त्या सर्व काळांत होता. तो सांपडला, कारण कोणीतरी त्याचा अर्क रक्ताच्या थेंबांत घालून पाहिला. वस्तु आपल्याजवळ असणें आणि तिला प्रश्न विचारणें ह्या दोन गोष्टींतलें अंतर फार मोठें आहे. आपल्या कडधान्यांत, पावसाळी वेलींत, कोंकणच्या किनाऱ्यावरील शैवालांत अशीं किती लेक्टिनें असतील, त्यांपैकीं कोणतें निरुपद्रवी असून जंतूला दांतावर बसूं देत नाहीं, हें तपासण्यास फार मोठा खर्च लागतो असें नाहीं. लागतो तो विद्यार्थ्याचा वेळ आणि नाहीं असें उत्तर आलें तरी तें प्रामाणिकपणें लिहून ठेवण्याची तयारी.

तोंवर आमच्या वाचकांनीं मुलांस रात्रीं झोंपण्यापूर्वीं दांत घांसावयास लावावे, गोड खाण्यास आळा घालावा, राजमा पुरता शिजवावा आणि गुंजेच्या सुंदर बिया मुलांच्या हातांत खेळावयास देऊं नयेत. आणि पुढच्या वेळीं पानांत कुळथाची पिठी आली तर ती संकोचानें वाढूं नये, एवढीच आमची विनंति आहे.